सीडीही वाजाव्यात आणि स्ट्रीमिंगही चालावं: हॉलमध्ये मावणारी स्टिरिओ सिस्टीम निवडताना

दुकानात जाऊन "म्युझिक सिस्टीम दाखवा" म्हटलं की हल्ली समोर साउंडबार येतो, नाहीतर चाकं लावलेला, रंगीत दिवे मारणारा पार्टी स्पीकर. सीडीचं नाव काढलं की विक्रेता आधी हसतो आणि मग म्हणतो, "साहेब, सीडी आता कोण ऐकतं?" ऐकणारे आहेत. भावगीतं, नाट्यपदं, ख्यालाच्या मैफली, अभंग यांच्या सीडींचा एक खण पुष्कळ मराठी घरांत अजून भरलेला असतो आणि त्यातलं सगळंच काही अ‍ॅपवर सापडत नाही. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, पण तिथून घेतलेल्या सीडी काही कुठे गेल्या नाहीत.

हा लेख १० बाय १२ किंवा १० बाय १४ फुटांच्या हॉलसाठी आहे. त्यात सोफा आहे, टीव्ही आहे, शोकेस आहे, भिंतीपलीकडे शेजारी आहेत आणि गाणं ऐकणारी किमान दोन पिढ्यांची माणसं आहेत.

खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. अशा सिस्टीमचे तीन भाग असतात आणि तिघांचं आयुष्य सारखं नसतं. चांगला स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षं सहज जातो. सीडीचा भाग यांत्रिक असतो: मोटर, सरकणारी लेन्स, ट्रे ओढणारा रबरी पट्टा. तो झिजतो. स्ट्रीमिंगचा भाग मात्र धडधाकट असतानाच म्हातारा होतो, कारण त्याचं चालणं दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ, म्हणजे टीव्हीला किंवा स्पीकरला जोडायची गूगलची स्ट्रीमिंग यंत्रं, जगभर एकाएकी अडली. यंत्रात बिघाड नव्हता, आतल्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने दुरुस्ती पाठवली म्हणून निभावलं. तेव्हा जो भाग आधी जाणार तो बदलता यायला हवा, आणि जो टिकणार त्यावर जास्त पैसे घालायला हवेत. माझ्या पुढच्या बहुतेक सल्ल्यांच्या मुळाशी एवढंच आहे.

आधी टेप घेऊन खण मोजा

"कॉम्पॅक्ट" या शब्दावर जाऊ नका. डेनॉनचा डी-एम४१ हा या प्रकारातला नावाजलेला संच. त्याचा मुख्य डबा फक्त २१ सेंटिमीटर रुंद आहे, पण खोली जवळपास ३१ सेंटिमीटर. मॅरँट्झचा एम-सीआर६१२ ही खोलीला ३० सेंटिमीटरच्या आसपास. आपल्याकडे शोकेसचा खण बहुतेक एक फूट खोल असतो. मागे पिना, वायरी आणि ऑप्टिकल (प्रकाशाच्या रूपात डिजिटल आवाज नेणाऱ्या) केबलचं वळण यांना आणखी तीन-चार इंच लागतात. ऑप्टिकल केबल काटकोनात दुमडली की गेली. म्हणजे डबा खणाबाहेर डोकावणार, नाहीतर सुताराला बोलावून मागच्या फळीला भोक पाडून घ्यावं लागणार. काचेचं दार असेल तर ते वाजवताना उघडं ठेवावं लागेल, नाहीतर आत गरम हवा कोंडते.

टेप हातात आहे तोवर आणखी दोन मापं घ्या: दोन स्पीकर एकमेकांपासून किती लांब ठेवता येतील, आणि सोफ्यापासून त्यांचं अंतर किती. मग त्या खणापाशी मोबाइल धरून वाय-फाय किती कांड्या दाखवतं तेही बघा. राउटर बेडरूममध्ये आणि मधे दोन भिंती असतील तर यंत्र कितीही महागडं घ्या, गाणं अडखळणारच. अशा ठिकाणी मागे लॅन केबलचं भोक असलेलं यंत्र घ्यावं.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे सगळं एकाच डब्यात, स्पीकरसुद्धा. दिसायला देखणं, लावायला सोपं, बेडरूमसाठी ठीक. पण डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांपासून फूटभरावर, त्यामुळे स्टिरिओ नावापुरताच. शिवाय एक भाग बिघडला की पूर्ण डबा दुरुस्तीला. हॉलसाठी मी ही वाट सुचवणार नाही.

दुसरी वाट: सीडी, रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि हवं तर स्ट्रीमिंग एका डब्यात, स्पीकर मात्र वेगळे. वर सांगितलेला डी-एम४१ याच जातीचा. सीडी, एफएम, ब्लूटूथ, दोन ऑप्टिकल इनपुट, ३० वॉटचे दोन चॅनल. वाय-फाय नाही. पुष्कळांना ही उणीव वाटते. मला ती सोय वाटते, कारण ऑप्टिकल इनपुटला एखादा छोटा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणं ओढणारा डबा) जोडता येतो आणि पाच-सात वर्षांनी तेवढाच बदलता येतो. एम-सीआर६१२ आणि डेनॉनचा सीओल एन१२ यांत वाय-फाय आतच आहे. एन१२ ला एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज सिस्टीमकडे आणणारी जोडणीही दिलीय.

तिसरी वाट: स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायर, आवडीचे स्पीकर आणि वेगळा सीडी प्लेअर. विम अ‍ॅम्प हे याचं सहज डोळ्यांसमोर येणारं उदाहरण. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला ६० वॉट देतो, ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी आहे, सीडी नाही. ज्यांचं ऐकणं बारा आणे स्ट्रीमिंग आणि चार आणे सीडी असं आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. अ‍ॅम्प्लिफायर आणि वाय-फाय दोन्ही पोटात असलेले स्पीकरही मिळतात, केईएफचे एलएसएक्स २ तसे आहेत. त्यांना ऑप्टिकलने सीडी प्लेअर जोडला की काम झालं. पण तिथे स्ट्रीमिंग जुनं झालं की ते स्पीकरच्या पोटातच जुनं होतं, हा हिशोब करूनच घ्या.

घरात सत्तरीचे आई-बाबा मुख्य ऐकणारे असतील तर दुसरी वाट. अ‍ॅप उघडल्याशिवाय आवाज कमी-जास्त न होणारं यंत्र त्यांच्या माथी मारू नका. पुढच्या बाजूला फिरवायचं बटण, खरा रिमोट आणि लांबून वाचता येईल असा डिस्प्ले हवाच.

निम्मे पैसे स्पीकरवर

एकूण ५० हजार ठरवले असतील तर २२ ते २५ हजार स्पीकरवर जाऊ द्या. संचाबरोबर येणारे स्पीकर बरेचदा बेताचे असतात. स्पीकर वगळून नुसता डबा मिळतो का हे जरूर विचारा, काही मॉडेल तशीही विकली जातात.

आपल्या गाण्यासाठी स्पीकर निवडताना दोनच गोष्टी ऐकायच्या: माणसाचा गळा आणि डग्गा. चार इंची वूफरच्या (खालचा आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) छोट्या स्पीकरमध्ये डग्ग्याची थाप ऐकू येते, पण थापेनंतर मनगट दाबून काढलेला घुमारा अर्ध्यातच विरतो. पाच-साडेपाच इंची वूफरमध्ये तो बऱ्यापैकी पुरा होतो. १० बाय १२ च्या हॉलला त्याहून मोठं काही लागत नाही, आणि सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या आवाजाचा वेगळा खोका, तर मुळीच नको. शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात. तरीही मागे सबवूफरची जागा असेल तर असू द्या, ती काही खायला मागत नाही.

खोके भिंतीला चिकटूनच ठेवावे लागणार असतील तर मागच्या बाजूला भोक असलेले स्पीकर टाळा. पुढे भोक असलेले किंवा पूर्ण बंद असलेले घ्या, नाहीतर खालचा आवाज फुगून गळ्यावर चढतो.

वॉटचा बागुलबुवा

"५००० वॉट पीएमपीओ" असं खोक्यावर छापलेल्या सिस्टीम आठवत असतील. तो आकडा तेव्हाही निरर्थक होता, आताही आहे. आरएमएस वॉट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा, आणि ते किती ओहमला मोजलेत तेही. स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता, म्हणजे थोड्या ताकदीत तो किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये दिलेली असते. ८५ ते ८८ च्या आसपासचा स्पीकर आणि ३० खरे वॉट आठ-नऊ फुटांवरून ऐकणाऱ्याला पुरून उरतात. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जरासा. ३० ऐवजी ६० साठी जास्तीचे पैसे मोजताना हे लक्षात असू द्या. ओहमचं मात्र पाळा: अ‍ॅम्प्लिफायरवर "६ ते १६ ओहम" लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नका.

स्ट्रीमिंग: ब्लूटूथवर थांबू नका

ब्लूटूथचा आवाज वाईट असतो असं नाही. सीडीवर एका सेकंदात १४११ किलोबिट माहिती असते, ब्लूटूथचा साधा एसबीसी प्रकार तिच्या पाव हिश्श्याच्या आत-बाहेर पाठवतो आणि सोनीचा एलडीएसी ९९० पर्यंत जातो. भजनं लावून स्वयंपाक करताना कुणाला फरक कळत नाही. त्रास वेगळाच आहे. द्रुत रंगात आलेली असताना बँकेचा मेसेज "टिंग" करतो. फोन आला की गाणं थांबतं. फोन घेऊन तुम्ही गॅलरीत गेलात की मागे बसलेल्यांचं गाणं तुटतं.

वाय-फायवर काम उलटं चालतं. स्पॉटिफाय कनेक्टमध्ये सिस्टीम स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढते, फोन फक्त रिमोट होतो. गूगलच्या कास्टचंही तसंच, पण त्यासाठी त्या अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्ह असावं लागतं. अ‍ॅपलच्या एअरप्लेला आयफोन, आयपॅड किंवा मॅक लागतो. म्हणून खरेदीआधी फोन उघडा, घरात प्रत्यक्ष वापरली जाणारी अ‍ॅप लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे ते सिस्टीमपर्यंत कशाने पोचणार ते लिहा. यूट्यूब म्युझिक असेल तर कास्ट हवं. सगळ्यांकडे आयफोन असतील तर एअरप्लेने भागतं. सगळ्यांकडे अँड्रॉइड असतील तर नुसत्या एअरप्लेचा काय उपयोग? विक्रेता "सगळं चालतं सर" म्हणेल. त्याच्यासमोर तुमच्याच फोनवरून चालवून बघा.

अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून आणि स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ पासून लॉसलेस, म्हणजे सीडीच्या तोडीचा किंवा त्याहून वरचा दर्जा द्यायला सुरुवात केली. तुमच्या प्लॅनमध्ये तो आहे का हे तपासा. तो घेऊन पुढे ब्लूटूथनेच पाठवणार असाल तर मात्र त्याचे पैसे पाण्यात.

रेडिओबद्दल थोडक्यात. परदेशी परीक्षणांत "डॅब रेडिओ" म्हणून डिजिटल रेडिओचं जे कौतुक असतं ते भारतात कुचकामी आहे, इथे डॅबचं प्रक्षेपणच नाही. साधा एफएम मात्र हवा, आणि तो घराघरांत वापरलाही जातो. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांना आणि इथल्यांनाही आकाशवाणीच्या वाहिन्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर मिळतात. त्यातली रागम ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सिस्टीमवर लावून ठेवण्यासारखी आहे.

सीडीचा भाग: इथे घाई नको

परीक्षणं लिहिणाऱ्या बहुतेकांच्या सीडीवर तीन-चार मिनिटांची दहा-बारा गाणी असतात. आपल्याकडच्या ख्यालाच्या सीडीवर कधी दोनच ट्रॅक: एक पंचेचाळीस मिनिटांचा, दुसरा दहाचा. त्यामुळे आपल्या कसोट्याही निराळ्या.

पहिली कसोटी म्हणजे ट्रॅकच्या आत पुढे-मागे जाणं. रिमोटवर फक्त "पुढचा ट्रॅक" असेल आणि दाबून धरल्यावर आतल्या आत पळवता येत नसेल, तर आलापी ओलांडून तराण्याच्या आधी नेमकं उतरणं अशक्य. दुसरी, बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जागा लक्षात राहते का. मधेच वीज गेली आणि सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली की ऐकणाऱ्याचा विरस होतो. तिसरी, दोन ट्रॅकमधली फट. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, पण तबला चालूच असतो. चांगलं यंत्र तिथून अलगद पुढे जातं. कच्चं यंत्र अर्धा सेकंद गप्प बसतं आणि तेवढ्यात समेची मजा जाते.

यंत्राचा स्वतःचा आवाजही ऐका. नुसता तानपुरा वाजतोय अशा जागी कान लावा. ट्रेमधून फिरण्याची घरघर सोफ्यापर्यंत येत असेल तर ते यंत्र तिथेच ठेवून या.

घरी भरलेल्या डिस्क हा वेगळाच मामला. सीडी-आर बहुतेक यंत्रं वाचतात, पुन्हा-पुन्हा भरता येणारी सीडी-आरडब्ल्यू वाचताना काही अडतात, आणि शेवटी "फायनलाइज" न केलेली डिस्क तर साधा प्लेअर ओळखतच नाही. "एकाच सीडीत ६० गाणी" अशा एमपी३ सीडी आपल्याकडे भरपूर विकल्या गेल्या. तुमच्याकडे त्या असतील तर माहितीपत्रकात "एमपी३ सीडी" हे शब्द शोधा. ते नसतील तर धरून चालू नका.

ट्रे की फट? फटीत सरकवायची सीडी दिसायला छान, पण आत धूळ गेली किंवा डिस्क अडकली तर घरी काही करता येत नाही. आपल्याकडची धूळ बघता मी ट्रेच घेईन.

तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक काटकसरीची युक्ती. माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर काढा. त्याला मागे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल डिजिटल आउटपुट असेल तर तो सीडीही वाजवतो, आणि डिजिटलचं ध्वनीत रूपांतर तुमचा नवा अ‍ॅम्प्लिफायर करतो. कोअ‍ॅक्शियल असेल आणि अ‍ॅम्पला फक्त ऑप्टिकल असेल तर मधे छोटा कन्व्हर्टर लागतो. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारून बघा. अडचण इतकीच की पडद्याशिवाय डीव्हीडी प्लेअरवर ट्रॅक शोधायचा म्हणजे अंदाजपंचे.

दुकानात काय न्यायचं

चार डिस्क पिशवीत टाका: एक पाठ असलेली गळ्याची, एक तबला सोलो किंवा पखवाजाची, एक ओरखडे पडलेली आणि एक घरी भरलेली. एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण असेल तर ते आधी लावा. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे बसून डोळे मिटा. गाणारा दोन खोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, एकाच ठिकाणी उभा वाटला पाहिजे. आवाज पसरट झाला किंवा एका बाजूला ओढला गेला तर आधी वायरी उलटसुलट जोडल्या नाहीत ना ते विचारा. तसं नसेल तर त्या जोडीत गडबड आहे.

आवाज हळू करून ऐका. मोठ्याने सगळंच भारी वाटतं, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतं. रात्री दहानंतर घरात ज्या पातळीला ऐकता त्या पातळीला शब्द स्पष्ट येतात का? बेस, लाउडनेस, इक्वलायझर सगळं बंद करायला सांगा. ओरखड्यांची डिस्क किती वेळात वाचली, किती ठिकाणी अडखळली हेही बघून घ्या.

परदेशातून कुणी आणून देणार असेल तर मागच्या लेबलवरचा व्होल्टेज आधी फोटो काढून मागवा. "१०० ते २४०" असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं "१२०" असेल तर ते यंत्र इथल्या २३० वर लावलं की धूर, आणि ट्रान्सफॉर्मर लावून वापरायचं म्हणजे आणखी एक डबा खणात. वॉरंटी इथे चालत नाही हे निराळंच.

घरी आणल्यावर

दोन स्पीकरमध्ये सहा ते सात फूट अंतर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर बसा. ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला आला पाहिजे. शोकेसच्या डोक्यावर, छतापाशी ठेवलेले स्पीकर फक्त कोळिष्टकं धरतात. भिंतीपासून निदान सहा इंच पुढे घ्या. शोकेसच्या खणातच ठेवायचे असतील तर फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली रबराचे तुकडे द्या, म्हणजे काचा थरथरणार नाहीत.

आपल्या हॉलमध्ये खाली टाइल्स, वर उघडं छत आणि समोर कोरी भिंत. मधे उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे "टिर्र" असा पडसाद आला तर स्पीकर बदलण्याआधी पडदे जाड करा आणि सोफ्यापुढे सतरंजी किंवा गालिचा घाला. एवढ्यानं जो फरक पडतो तो दहा हजारांच्या महागड्या केबलनं पडत नाही. केबलवरून आठवलं: दोन-तीन मीटरसाठी दीड किंवा अडीच स्क्वेअर मिलिमीटरची साधी तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर पुरे. लाल टोक लाल, काळं टोक काळं, दोन्ही बाजूंना. एका स्पीकरचं उलटं झालं तर डग्गा गायब होतो आणि गाणारा खोलीभर विखुरतो.

अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटमध्येच पिन लावा आणि बरा स्पाइक गार्ड वापरा. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर स्पीकरमधून भुंग्यासारखी घरघर येऊ शकते. तेवढा वेळ सिस्टीम बंद ठेवलेली बरी.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सीडींवर बुरशीचे ठिपके येतात. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ सुती फडक्यानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल-गोल फिरवू नका. चकचकीत बाजूला जपताना सगळे छापील बाजू विसरतात. खरं तर माहितीचा चंदेरी थर त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे तिथला खोल ओरखडा कायमचा. तिथे बॉलपेननं नाव लिहिणं टाळा.

आणि ज्या डिस्क दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत त्यांची नक्कल आताच करून ठेवा. लॅपटॉपला बाहेरचा सीडी ड्राइव्ह जोडायचा, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर टाकायचं आणि फ्लॅक प्रकारात उतरवायचं. यात आवाजाचा कणही कमी होत नाही. एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीनशेच्या वर सीडी बसतात. मराठी सीडींची नावं आपोआप आली नाहीत तर "ट्रॅक ०१" च्या जागी राग, ताल आणि गायकाचं नाव बसून टाइप करावं लागेल. पावसाळ्यातल्या दुपारी हे काम बरं होतं. सिस्टीमला पेनड्राइव्ह लावण्याआधी ती एक्सफॅट वाचते की फक्त फॅट३२ (पेनड्राइव्ह फॉरमॅट करण्याचे हे दोन प्रकार), आणि फ्लॅक चालतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा. खरेदीच्या पहिल्याच आठवड्यात हे सगळं तपासा, दुकानाची बदलून देण्याची मुदत तेवढीच असते.